डीसीटी गाडी पिकअपला अडखळते? क्लच बदलण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ओळखीतल्या कुणाची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गाडी अडखळायला लागली की मला फोन येतो आणि संवाद जवळजवळ ठरलेला असतो. "रेस देतोय, पण गाडी क्षणभर जातच नाही, मग एकदम उसळते." मग काय केलंत, असं विचारलं की तीनपैकी एक उत्तर येतं. "बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली, दोन दिवस बरी होती." "गॅरेजवाल्याने अडाप्टेशन मारलं." आणि सगळ्यात महागडं उत्तर: "तो म्हणाला, भिया, क्लच गया इसका. बदलून टाकला. पण अजून तसंच आहे."

तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. जे शेवटी करायचं ते आधी केलं. वायर काढून किंवा अडाप्टेशन (क्लच कुठे धरतो ते संगणकाला नव्याने शिकवणं) करून रीसेट मारलं की साठलेले दोषांचे कोड आणि संगणकाने शिकलेली मूल्यं अनेकदा पुसली जातात, म्हणजे पुरावाच जातो. क्लच आधी बदलला की पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. मी पेशाने मेकॅनिक नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे, स्वतःच्या गाडीने हैराण केलं म्हणून शिकलो. इथे इंदूरात ओळखीच्या बऱ्याच गाड्या तपासताना जो क्रम कामी आला, तो खाली देतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "अडखळते" हे तीन वेगवेगळ्या तक्रारींचं एकच नाव आहे आणि त्यांतला फरक आरपीएमचा काटा सांगतो.

पहिली: काटा चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. म्हणजे इंजिन जोर देतंय, क्लच तो पकडत नाहीये.

दुसरी: काटाच चढत नाही. रेस दिली तरी इंजिन सुस्त. इथे गिअरबॉक्सला हात लावायचं काही कारण नाही.

तिसरी: काटा आणि वेग दोन्ही क्षणभर थबकतात, मग गिअर पडतो आणि गाडी निघते. इथे गिअरबॉक्सच्या संगणकाला निर्णय घ्यायला वेळ लागतोय. तो कशामुळे लागतोय, ते शोधायचं.

आधी गाडी कोणती, ते बघा

क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी डीसीटी नसते. एएमटी, सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार, त्यांची दुखणी वेगळी. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एकाच मॉडेलमध्ये एक लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटरला सात गिअरचा ड्युअल क्लच आहे. त्यामुळे "टायगुन आहे" एवढं सांगून भागत नाही.

दुसरा प्रश्न: क्लच कोरडा की ओला? दीड लिटर टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया, तसंच ह्युंदाई-कियाच्या टर्बो पेट्रोल व्हेन्यू, क्रेटा, व्हर्ना, सेल्टॉस यांत कोरडा. टाटाच्या आल्ट्रोझ आणि नेक्सॉनच्या डीसीएमध्ये (टाटा डीसीटीला हेच नाव देते), कोडियाक-सुपर्बसारख्या मोठ्या गाड्यांत ओला, म्हणजे तेलात बुडालेला. कोरडा क्लच गर्दीत लवकर तापतो आणि त्याला थंड करायला तेल नसतं. ओल्याची तब्येत तेलाच्या पातळीवर आणि वयावर अवलंबून. पुढचे अर्धे निर्णय या एका उत्तरावर ठरतात.

आतलं काम थोडक्यात: एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. गाडी तिसऱ्यात असताना चौथा आधीच जोडून ठेवलेला असतो, बदलताना एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. पाचव्या टप्प्यात हेच सम-विषम उपयोगी पडणार आहे.

टप्पा १: तक्रार कागदावर उतरवा

कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे टाळतात. पण चार-पाच दिवस, प्रत्येक वेळी गाडी अडखळली की थांबल्यावर पुढचं लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, वेग किती, रेस किती दिली, चढ की सपाट, एसी चालू की बंद, मोड कोणता. शेजारी कुणी बसलेलं असेल तर त्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. काटा आणि वेग दोन्ही दिसले पाहिजेत. व्हिडिओतून अर्ध्या सेकंदाचा आणि दीड सेकंदाचा फरक स्पष्ट निघतो. आठवणीतून तो कधीच निघत नाही.

सावध: चालवताना फोन हातात घ्यायचा नाही. सोबत कुणी नसेल तर नंतर लिहा.

हे लिहिताना एक गाळणी लावा. उभ्या डीसीटीत ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो. ब्रेक सोडल्यावर तो हळूहळू धरतो, त्यामुळे निघताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर स्वाभाविक आहे. ब्रेकवरून पाय उचलून लगेच रेस तुडवली तर तो उशीर जास्तच बोचतो. तसंच टर्बो गाडीत कमी आरपीएमवर दाब तयार व्हायला वेळ लागतो, त्या वेळी काटा संथ पण न थांबता चढतो. हे दोन्ही दोष नाहीत. गाडी नवी होती तेव्हापासून तसंच असेल तर ते दुरुस्त करायच्या नादी लागू नका.

टप्पा २: फुकटात होणाऱ्या तपासण्या

हसू येईल, पण पहिली तपासणी पायाखालच्या मॅटची. बाजारात जाड, कडांना उचललेल्या सेव्हन डी मॅट बसवून मिळतात. त्यांपैकी काही अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली अडतात आणि पेडल पुरतं खाली जातच नाही. मॅट काढा, पेडल पूर्ण दाबून बघा, मग एक चक्कर मारा. गाडी "बरी" झाली तर लेख इथेच संपला.

मग ऑटो होल्ड बंद करून दिवसभर चालवा. ऑटो होल्ड आणि चढावरचा हिल होल्ड दोन्ही ब्रेक थोडा वेळ धरून ठेवतात, आणि तो सुटण्याचा झटका गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. इको मोडही बंद करा, कारण त्यात रेसला प्रतिसाद मुद्दाम मंद ठेवलेला असतो. चाकांत हवा बरोबर आहे का, चारही टायर एकाच मापाचे आहेत का, एखादं चाक ब्रेकमुळे तापतंय का, हेही बघा. थोडं चालवून प्रत्येक रिमजवळ हात नेला तरी तापलेलं चाक कळतं.

बॉनेट उघडून उंदरांच्या खुणा शोधा. पावसाळ्यात हे फार होतं. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, सेन्सरची अर्धवट कुरतडलेली वायर. अर्धवट तुटलेली वायर सगळ्यात वाईट, कारण ती कधी चिकटते, कधी सुटते, आणि दोष आज आहे, उद्या नाही असा खेळ चालतो.

टप्पा ३: बॅटरी आणि ब्रेकचा स्विच

हा टप्पा स्वतंत्र ठेवलाय, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो.

आधी बॅटरी. अनेक कोरड्या डीसीटींत क्लच हलवणारा पंप किंवा मोटर विजेवर चालते. व्होल्टेज पडलं की क्लचची हालचाल मंदावते, संगणक गोंधळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.४ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून पुन्हा मोजा. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसावं. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतः कमीजास्त करतात, त्यांच्यात हा आकडा थोडा हलतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड असेल तर साफ करा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का, तेही बघा.

आता ब्रेकचा स्विच. माझी गाडी उन्हाळ्यात पलासिया चौकात सिग्नल सुटला की दीड सेकंद ढिम्म. मागून हॉर्न, मी रेस देतोय, काटा जेमतेम उचलतोय. एका वर्कशॉपने दोन्ही क्लचचा सेट बदलायचं कोटेशन हातात ठेवलं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. त्याच आठवड्यात एका रात्री घरी येऊन गाडी मागच्या भिंतीला पाठ करून लावली, पी मध्ये टाकली, ब्रेकवरून पाय काढला आणि आरशात बघतो तर भिंत अजून लालच. एक, दोन... मग विझली. पुन्हा दाबला, सोडला. या वेळी लगेच विझली. तिसऱ्यांदा परत रेंगाळली.

पेडलवरचा लहानसा स्विच चिकटत होता. संगणकाच्या लेखी माझा पाय ब्रेकवरच होता, त्यामुळे क्लच धरत नव्हता. शिवाय ब्रेक आणि रेस एकदम दाबल्याचं दिसलं की इंजिनाचा जोर कमी करण्याची सुरक्षा बऱ्याच गाड्यांत असते. क्लच सेटच्या किमतीपुढे स्विचची किंमत चिल्लर. तो बदलला आणि गाडी पहिल्यासारखी निघायला लागली.

करून बघा: रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा, गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला. ब्रेक वीस वेळा हळू दाबून हळू सोडा. लाल उजेड पायाबरोबर पेटला-विझला पाहिजे. हे गाडी गार असताना एकदा आणि तासभर गर्दीतून चालवून आल्यावर एकदा. बऱ्याच गाड्यांत स्विचमध्ये दोन संपर्क असतात. त्यामुळे स्कॅनर असेल तर दोघांची स्थिती एकत्र बदलते का, तेही बघा.

टप्पा ४: कोड वाचा, पण पुसू नका

साधा ब्लूटूथ ईएलएम ३२७ (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि फोनवरचं अ‍ॅप इंजिनाचे कोड वाचतं. गिअरबॉक्सचा संगणक त्याला बहुधा दिसत नाही. म्हणून "कोड नाही" याचा अर्थ अनेकदा एवढाच, की तुमच्या यंत्राने योग्य दार ठोठावलंच नाही. इंजिनमध्ये पी०७०० दिसला तर खरा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात आहे, तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर लागेल. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, सगळी मॉड्यूल वाचून घ्या.

प्रत्येक कोडचा फोटो काढा आणि त्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान, हेही टिपा. पहिल्या टप्प्यातल्या तुमच्या टिपणाशी ते जुळतंय का बघा. जुळलं तर निम्मं काम झालं.

काही कोड लगेच दिशा दाखवतात. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये), स्पार्क प्लग आणि कॉइलकडे जा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा. पी००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी. पी२१३८ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जमत नाहीये. पी०५७१ म्हणजे ब्रेकचा स्विच. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या कोरड्या बॉक्समध्ये पी१७बीएफ किंवा पी१८९सी दिसला तर मेकॅट्रॉनिकमध्ये, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या युनिटमध्ये, तेलाचा दाब पुरेसा बनत नाहीये. तो क्लचच्या तबकड्यांचा दोष नाही, जरी रस्त्यावर दोन्ही सारखेच वाटले तरी.

सावध: गाडी वर्कशॉपला देताना स्पष्ट सांगा, "कोड पुसण्याआधी पूर्ण रिपोर्टची प्रिंट हवी." बरेच जण सवयीने आधी पुसतात आणि मग वाचतात. मग तुमच्या हातात कोरा कागद येतो आणि वर ऐकायचं, "कोई कोड नहीं है सर."

टप्पा ५: रस्त्यावरची परीक्षा

इथे वेळ द्या. बाकी सगळं यावर उभं आहे.

जागा आणि वेळ आधी ठरवा. सपाट परीक्षेला रविवारी सकाळी सहाचा सुपर कॉरिडॉर उत्तम, रुंद आणि मोकळा. चढाला पिपल्याहाना पूल पुरतो. काही जण थेट सिमरोळच्या पुढे भेरूघाटात जातात. तिथे ट्रकच्या रांगेत अडकून क्लच तापवण्याखेरीज काही हाती लागत नाही. गरम परीक्षेसाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही, संध्याकाळी जवाहर मार्ग आणि राजवाड्याचा फेरा पुरतो. चालवणारा एक, व्हिडिओ काढणारा एक. वेगमर्यादा पाळा, मागे गाडी असेल तर परीक्षा थांबवा.

परीक्षा अ, सरपटणं. सपाट जागी डी मध्ये, रेस न देता फक्त ब्रेक सोडा. गाडी साधारण सेकंदाच्या आत, न थरथरता सरकली पाहिजे. दहा वेळा करा. दहांपैकी दोन-तीन वेळाच उशीर होत असेल तर संशय विजेच्या जोडणीवर, स्विचवर. दहाही वेळा सारखाच उशीर किंवा थरथर असेल तर क्लच किंवा त्याची शिकलेली मूल्यं. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण मला तो फार वेळा बरोबर सापडलाय.

परीक्षा आ, एका गिअरमध्ये जोर. ही राणी. गाडी मॅन्युअल मोडला टाका, तिसऱ्या गिअरमध्ये ४० किमीच्या वेगाने चाला, आरपीएम बघा. मग पाऊण रेस द्या. पेडल तळाला टेकवू नका, नाहीतर किकडाउन लागून गिअर खाली पडेल आणि मोजणी फुकट जाईल. क्लच पूर्ण धरलेला असेल तर आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण त्या गिअरमध्ये बदलूच शकत नाही. समजा, ४० ला काटा २००० वर होता. मग ६० ला तो ३००० वरच हवा. व्हिडिओ थांबवून बघा. ३०५० दिसला तर मीटरचा ढिलेपणा समजून सोडून द्या. ३४०० दिसला तर क्लच घसरतोय, त्यात वाद नाही.

हेच चौथ्या गिअरमध्ये करा. मग वेगमर्यादेत बसत असेल तर पाचव्यात. तिसरा आणि पाचवा घसरतो, चौथा नाही, तर विषम बाजूचा क्लच. उलट असेल तर समचा. सगळेच घसरत असतील तर दोन्ही क्लच एकदम झिजले असं समजण्याआधी दोघांच्या सामाईक गोष्टीकडे बघा: तेलाचा दाब, ओल्या क्लचचं तेल, किंवा इंजिनाचा वाढवलेला जोर.

त्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. फोक्सवॅगनचा डीक्यू२००, म्हणजे तोच सात गिअरचा कोरडा बॉक्स, २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे आणि दीड लिटर टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे वर जागा शिल्लकच नाही. अशा गाडीला रिमॅप (जोर वाढवणारं बदललेलं सॉफ्टवेअर) किंवा ट्युनिंग बॉक्स बसवलेला असेल तर तो काढा आणि मग परीक्षा करा. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला विचारा. बरेच जण विकताना सांगत नाहीत.

परीक्षा इ, चालता-चालता रेस. डी मध्ये ब्रेक लावत वेग ८ ते १० किमीवर आणा, न थांबता अर्धी रेस द्या. चौकात आपण सगळे हेच करतो. बॉक्सने दुसरा धरून ठेवलेला असतो की पहिला हवा, या घोळात क्षणभर काहीच होत नाही. हीच परीक्षा एस, म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये करा. एस मध्ये अडखळणं गेलं तर यांत्रिक मोडतोड असण्याची शक्यता कमी. सॉफ्टवेअरचा अपडेट आहे का विचारा आणि तोवर चौकात एस किंवा मॅन्युअल वापरा. एस मध्येही तसंच असेल तर पुढे चला.

परीक्षा ई, तापलेल्या गाडीवर अ आणि इ परत. मे महिन्यात दुपारी गर्दीतून पंचवीस मिनिटं रांगत आल्यावर. गारमध्ये उत्तम आणि तापल्यावर थरथर, असं असेल तर कोरड्या क्लचवर संशय घट्ट होतो.

सावध: ट्रान्समिशन तापल्याचा इशारा पडद्यावर आला तर परीक्षा तिथेच संपली. बाजूला घ्या, पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून गार होऊ द्या. आणि चढावर रेस देऊन गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. ब्रेकने धरा. अर्धवट धरलेला क्लच तिथेच जळतो.

टप्पा ६: काटाच चढत नसेल तर इंजिनाकडे

तुमचा दोष दुसऱ्या प्रकारचा निघाला तर इथे या. पेडलपासून सुरुवात करा. इग्निशन चालू, इंजिन बंद, स्कॅनरवर पेडलची टक्केवारी लावा आणि पेडल अगदी हळू दाबत जा. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच अडकून उडी मारत असेल तर पेडल सेन्सर.

त्यानंतर हवा: फिल्टर, थ्रॉटल बॉडीवरची काजळी, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे पाइप. पाइपच्या जोडावर तेलकट ओल किंवा जोर देताना फुसकारा असेल तर क्लॅम्प ढिला आहे. लाइव्ह डेटात टर्बोचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी लावा. प्रत्यक्ष मागे रेंगाळत असेल तर गळती किंवा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप).

इंधनाचंही तसंच, मागितलेला आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब. फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती कमीजास्त करतोय तो आकडा, दहा टक्क्यांच्या पलीकडे गेला असेल तर कारण शोधा. ई२० पेट्रोलवर ट्रिम थोडा अधिककडे झुकलेला दिसेल, कारण तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. तेवढ्यावरून इंजेक्टर खोलायला सांगू नका. प्लग किती किमीला बदलायचे ते पुस्तिकेत बघा आणि बदलताना सगळे एकदम बदला.

टप्पा ७: गिअरबॉक्सची बाजू

ओला क्लच असेल तर तेल. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, पातळी थंड बॉक्सवर बघणं. ती तेल ठरावीक तापमानाला असतानाच बघतात. उदाहरणार्थ फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या डीक्यू२५० बॉक्समध्ये तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून. दुसरी, "गिअर ऑइल आहे, कुठलंही चालतं." चालत नाही. डीसीटीचं तेल क्लचच्या घर्षणासाठी बनवलेलं असतं. त्याच डीक्यू२५० ला दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदलायचा असतो. गाडीच्या कागदपत्रांत ती नोंद नसेल तर पुढची तपासणी इथेच थांबवा, आधी तेल बदला.

कोरडा क्लच असेल तर उलटा गैरसमज. लोक गिअर ऑइल बदलून थरथर जाईल म्हणून वाट बघतात. कोरड्या क्लचला ते तेल शिवतही नाही. डीक्यू२०० मध्ये तर गिअरचं तेल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं वेगळं. बॉक्सखाली तेलाचा डाग दिसला तर कुठलं तेल गळतंय ते आधी ठरवा.

मग योग्य स्कॅनरवर तीन गोष्टी: क्लचचं तापमान, दोन इनपुट शाफ्टचा (प्रत्येक क्लचमागच्या दांड्याचा) वेग आणि प्रत्येक क्लचची शिकलेली मूल्यं. धरलेल्या क्लचच्या शाफ्टचा वेग इंजिनाच्या आरपीएमशी जुळला पाहिजे. व्हिडिओवरून काढलेला निष्कर्ष इथे आकड्यांत पक्का होतो. शिकलेली मूल्यं निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या टोकाला टेकलेली असतील आणि परीक्षा आ मध्ये घसरणही दिसली असेल, तर आणि तरच क्लच सेटची गोष्ट काढा. बदलतानाही तबकडी काढून तबकडी लावली एवढं पुरत नाही. डीक्यू२०० सारख्या बॉक्समध्ये बेअरिंगचं अंतर मोजून शिम (पातळ चकत्या) लावावे लागतात आणि त्याला खास अवजारं लागतात. ती अवजारं आहेत का, हे गाडी देण्याआधी विचारा. उत्तर घुटमळत आलं तर दुसरीकडे जा.

टप्पा ८: अडाप्टेशन, सगळ्यात शेवटी

अडाप्टेशन म्हणजे क्लच नेमका कुठे धरायला लागतो, ते संगणकाला नव्याने शिकवणं. दोष काढल्यानंतर ते गरजेचं आहे. दोष असताना केलं तर संगणक दोषासकट शिकतो. दोन दिवस गाडी बरी वाटते आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

करताना बॅटरीला चार्जर जोडलेला, कोड एकही बाकी नाही, तेलाचं तापमान स्कॅनर मागेल त्या मर्यादेत, हँडब्रेक ओढलेला. मध्येच तुटलं तर परत पहिल्यापासून. त्यानंतर स्कॅनर सांगेल तशी चालवून आणायची असते. ही चक्कर बरेच जण गाळतात आणि मग ग्राहकच दोन आठवडे गचके खात ती पुरी करतो.

वर्कशॉपला गाडी देताना

जॉब कार्डवर "पिकअप नहीं है" लिहून घेऊ नका. त्या तीन शब्दांत तुमची आठवड्याची मेहनत जाते. असं लिहायला सांगा: "इंजिन तापलेलं, डी मोड, ८ ते १० किमी वेगावरून अर्धी रेस, दीड सेकंद प्रतिसाद नाही, आरपीएम १२०० वर थबकतो, एस मोडमध्ये होत नाही." सल्लागार कुरकुरेल, लिहील. त्याला किंवा टेक्निशियनला शेजारी बसवून दोष दाखवा, व्हिडिओ त्याच्या फोनवर पाठवा आणि कोडचे फोटोही द्या. सुटा भाग बदलला तर जुना परत मागा.

दुरुस्तीनंतर

त्याच रस्त्यावर, त्याच मोडमध्ये, तेच वेग धरून अ ते ई परीक्षा परत करा आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवा. गाडी हातात मिळाली त्याच दिवशी एकदा आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा, तेही भर दुपारी गर्दीतून आल्यावर. ताज्या अडाप्टेशनवर झाकला गेलेला दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या खेपेला दिसतो. तेव्हा दिसला तर परत चौथ्या टप्प्यावर जा. आणि या वेळीही कोड पुसण्याआधी फोटो.